कॅमेरा घरी ठेवून मैदानावर जा : कबड्डी मंडळाकडे फोटोची परवानगी कशी मागावी

संध्याकाळी सातच्या सुमाराला परळ, प्रभादेवी, नायगाव या भागातून चालत निघालात, तर एखाद्या गल्लीच्या टोकाला दिव्यांच्या उजेडात कबड्डीचा सराव चाललेला दिसतो. मातीवर पाणी मारलेलं असतं, फक्कीच्या रेषा निम्म्या पुसलेल्या असतात, कठड्यावर दोन म्हातारे बसून पोरांना ओरडत असतात. हातात कॅमेरा असलेल्या कुणालाही तिथे थांबावंसं वाटेल. आणि चूक तिथेच होते. आपण पिशवीतून कॅमेरा काढतो, चार फोटो घेतो, तेवढ्यात कुणीतरी येऊन विचारतं, "कोण आपण? कशासाठी काढताय?" त्या प्रश्नाला नीट उत्तर देता आलं नाही, तर पुढची दोन वर्षं त्या मैदानावर आपण 'तो न विचारता फोटो काढणारा' म्हणून ओळखले जातो.

मी मंडळांच्या कबड्डीचे फोटो काढतो. कुठल्याही वर्तमानपत्राचं ओळखपत्र माझ्याकडे नाही, कधी नव्हतं. तरी आज काही मंडळं सामन्याची वेळ स्वतःहून कळवतात. तिथपर्यंत पोहोचायला जे करावं लागलं, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं कबड्डीची आहेत, कारण हा खेळ मी जवळून पाहिलेला आहे. फुटबॉल आणि क्रिकेटबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी समजून घ्या, परवानगी कुणाची

'क्लबला विचारलं' एवढं म्हणून भागत नाही, कारण कबड्डीत तीन वेगवेगळी माणसं तीन वेगवेगळ्या गोष्टींना हो म्हणतात.

पहिलं, संघाचं मंडळ. खेळाडू त्यांचे, सराव त्यांचा, मैदान बहुतेक वेळा त्यांच्या ताब्यातलं. सरावाचे फोटो काढायचे असतील तर त्यांचा होकार पुरेसा आहे. दुसरं, स्पर्धेचं आयोजक मंडळ. स्पर्धा भरवणारे अनेकदा वेगळे असतात, आणि मैदानाभोवती कुणी बसायचं हे ते ठरवतात. तिसरी, जिल्हा असोसिएशन. पंच तिथून येतात, स्पर्धेला मान्यता तिथून मिळते, आणि जिल्हा अजिंक्यपद किंवा निवड चाचणी असेल तर सगळा कारभारच त्यांचा. त्यावर राज्य असोसिएशन आणि त्यावर राष्ट्रीय महासंघ, अशी ती उतरंड आहे. शालेय स्पर्धा मात्र या वाटेने जात नाहीत. त्या क्रीडा खात्याच्या असतात, तेव्हा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि मुलांची शाळा अशा दोन्ही ठिकाणी विचारावं लागतं.

नवख्या माणसाने मंडळापासून आणि सरावापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. असोसिएशनला पहिल्याच दिवशी पत्र पाठवलंत तर ते म्हणतील, "कुठल्या मंडळाकडून आलात?" आणि तो प्रश्न रास्त आहे.

मंडळात कुणाला गाठायचं? फ्लेक्सवर ज्यांचा फोटो सगळ्यांत मोठा असतो, त्यांना शोधत बसू नका. ते आश्रयदाते असतात, त्यांचा मान वेगळा. रोजचे निर्णय सचिव घेतात, आणि मैदानावरचा शब्द प्रशिक्षकांचा चालतो. फ्लेक्सच्या तळाशी बारीक अक्षरात 'संपर्क' म्हणून जी दोन-तीन नावं असतात, त्यांतलं एक बहुधा सचिवांचं निघतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे सराव संपल्यावर पाणी पीत उभ्या असलेल्या एखाद्या मुलाला विचारणं, "मंडळाचं काम कोण बघतं रे?" तो नावासकट घर दाखवतो.

पहिल्या दोन भेटी कॅमेऱ्याशिवाय

हे ऐकायला फुकट वेळ घालवल्यासारखं वाटतं, पण सगळ्यांत जास्त उपयोग याचाच होतो. एका संध्याकाळी जा आणि नुसते बसा. कोण डावा चढाईपटू, कोण उजवा कोपरा सांभाळतो, प्रशिक्षक कुणाला नावाने हाक मारतात, कुणाला टोपणनावाने, हे कळू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तोवर कुणीतरी तुमच्याशी बोलायला आलेलं असतं. आलंच नाही, तर सराव सुटल्यावर स्वतः पुढे व्हा.

वेळ निवडताना एक पथ्य पाळा. स्पर्धेच्या दिवशी सकाळी परवानगी मागायला जाऊ नका. त्या दिवशी सचिव मंडप, मॅट, ट्रॉफ्या, पाहुणे आणि जेवण अशा पाच आघाड्यांवर धावत असतो. तो 'हो' म्हणाला तरी ते त्याच्या लक्षात राहत नाही आणि संध्याकाळी दुसराच कार्यकर्ता तुम्हाला उठवतो. बऱ्याच मंडळांच्या स्पर्धा दिवाळीनंतर सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात. त्यामुळे दसऱ्याच्या आसपास, सराव जोरात आणि धावपळ कमी असताना गेलेलं बरं.

बरोबर काय न्यावं? छापलेले फोटो. ४ बाय ६ इंचाचे दहा-बारा प्रिंट पाकिटात घालून न्या. फोनवर दाखवलेला फोटो एकाच माणसाला दिसतो, छापलेला हातोहात फिरतो, कठड्यावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचतो, आणि मग तेच म्हणतात, "बरे काढलेत, काढू दे की याला." खेळाचे फोटो नसतील तर गल्लीतल्या क्रिकेटचे, दहीहंडीचे, धावणाऱ्या कुठल्याही माणसांचे चालतील. वेगात हललेली माणसं तुम्हाला पकडता येतात, एवढं दिसायला हवं.

काय बोलायचं

थोडक्यात बोला. मी साधारण असं म्हणतो :

"नमस्कार सर. मी इथेच पुढे राहतो. दोन दिवस तुमचा सराव बघतोय. मला कबड्डीचे फोटो काढायचेत, मी कुठल्या पेपरचा नाही. तुमची परवानगी असेल तर आठवड्यातून एक दिवस येईन, बाजूला बसून काढीन. काढलेले फोटो मंडळाला देईन, पैसे नाही घेणार. जो नको म्हणाल तो कुठेही टाकणार नाही."

प्रशिक्षकांना 'सर', वयस्क पदाधिकाऱ्यांना 'काका' किंवा 'अण्णा', तरुण कार्यकर्त्यांना 'दादा'. मैदानावर जे ज्याला जसं म्हणतात, तसंच म्हणा. आणि खेळाडू वयाने लहान असला तरी पहिल्याच भेटीत एकेरीवर येऊ नका.

मग प्रश्न येतात. "किती पैसे घेणार?" हा पहिला. "फोटो टाकणार कुठे?" हा दुसरा. तिसरा थोडा आडवळणाने येतो : "अमुक मंडळाकडेही जाता का?" या तिसऱ्या प्रश्नामागची काळजी खरी आहे, आणि ती समजली की निम्मी परवानगी मिळाली म्हणून समजा.

मोठ्या स्पर्धेच्या आधी संघ नवीन चढाईपटू तयार करत असतो, साखळी पकडीची (दोघांनी हात धरून करायच्या पकडीची) नवी जोडी बसवत असतो. ते फोटो बाहेर गेले तर समोरचा संघ सावध होतो. एखाद्याच्या गुडघ्याला पट्टी असते. तसा फोटो सामन्याच्या आदल्या दिवशी फिरला तर विरोधी कोपरारक्षक बरोबर त्याच पायाचा घोटा धरायला टपून बसतो. म्हणून मी आपणहून सांगतो, "सरावाचे फोटो स्पर्धा संपेपर्यंत बाहेर जाणार नाहीत. दुखापतीचे तर कधीच नाहीत." हे वाक्य ऐकल्यावर सरांचा चेहरा बदललेला मी अनेकदा पाहिला आहे. समोरचा माणूस खेळ समजून आलाय, हे त्यांना तिथे कळतं.

आणखी एक गोष्ट कुणी तोंडाने सांगत नाही. काही खेळाडू कामावरून रजा काढून गावच्या स्पर्धेला आलेले असतात. काही मुली घरी पुरतं न सांगता खेळत असतात. तुमचा एक फोटो त्यांना अडचणीत आणू शकतो. त्यामुळे मंडळाने हो म्हटलं तरी ज्याचा चेहरा ठळक येणार आहे त्याला किंवा तिला स्वतंत्रपणे विचारा.

'बघू' म्हणाले तर

आपल्याकडे तोंडावर 'नाही' कमी वेळा येतं, 'बघू' येतं. "मीटिंगमध्ये विषय घेतो" म्हणाले तर ते खरंही असू शकतं, कारण कार्यकारिणीत एखादा जुना पदाधिकारी अशा गोष्टींना बिचकतो. आठ दिवस थांबा आणि पुन्हा समोर जा. फोनवर विचारू नका. फोनवर 'बघू' म्हणणं फार सोपं असतं. दोनदा 'बघू' ऐकलं की ते 'नाही' समजावं आणि मनात काही न ठेवता प्रेक्षक म्हणून सामने बघायला जात राहावं. मला एका मंडळाने दोन हंगाम 'बघू'वर ठेवलं. तिसऱ्या हंगामात त्यांच्याच प्रशिक्षकांनी हाक मारली, कारण शेजारच्या मंडळाच्या कार्यालयात त्यांनी भिंतीवर लावलेले फोटो पाहिले होते.

पत्र द्या, लहान का होईना

तोंडी होकार मिळाल्यावर पत्र द्यायचं. आधी नाही. अनोळखी माणसाचं पत्र फाइलीत जातं. ओळखीच्या माणसाचं पत्र मात्र पुढे उपयोगी पडतं. सचिव बदलले, एखाद्या कार्यकर्त्याने हटकलं, की तो कागद दाखवता येतो. मी देतो तो मसुदा असा :

*प्रति,*
*मा. सचिव, ……… क्रीडा मंडळ.*
*विषय : संघाच्या सरावाचे व सामन्यांचे फोटो काढण्याच्या परवानगीबाबत.*

*महोदय,*
*मंगळवारी मैदानावर आपली भेट झाली, त्यानुसार हे पत्र देत आहे. या हंगामात, म्हणजे ……… ते ……… या काळात, मी आपल्या संघाच्या सरावाचे आणि स्थानिक सामन्यांचे फोटो काढू इच्छितो.*
*१) फोटो मंडळाला बातमीसाठी, अहवालासाठी व कार्यालयात लावण्यासाठी विनामूल्य वापरता येतील. छापताना माझे नाव द्यावे.*
*२) फोटोंचे हक्क माझ्याकडे राहतील. जाहिरातदार किंवा प्रायोजकाला फोटो द्यायचा असल्यास दोघांच्या संमतीने देऊ.*
*३) सरावाचे फोटो स्पर्धा संपेपर्यंत प्रसिद्ध करणार नाही.*
*४) १८ वर्षांखालील खेळाडूंचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्ध करणार नाही.*
*५) मंडळाने किंवा खेळाडूने काढून टाकण्यास सांगितलेला फोटो त्याच दिवशी काढून टाकीन.*
*आपला,*
*(नाव, पत्ता, फोन, सही)*

दोन प्रती काढा. एकीवर सचिवांची सही आणि मंडळाचा शिक्का घ्या आणि ती कॅमेऱ्याच्या पिशवीत कायम ठेवा.

दुसऱ्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे, तो माहीत असावा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे फोटो काढणारा हा त्याचा कर्ता आणि सहसा पहिला मालकही असतो. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. कुणी मोबदला देऊन आपल्यासाठी फोटो काढून घेतले, आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर पहिली मालकी मोबदला देणाऱ्याची होते. म्हणजे उद्या मंडळाने खूश होऊन स्पर्धेचे चार दिवस पाच हजार रुपयांवर ठरवले आणि कागदावर काहीच लिहिलं नाही, तर त्या फोटोंवरचा तुमचा हक्क जाऊ शकतो. पैसे जरूर घ्या, कष्टाचे आहेत. फक्त हक्काची ओळ आधी लिहून घ्या.

लहान मुलं आणि मुलींचे संघ

इथे घाई चालत नाही. कबड्डीत किशोर गट १६ वर्षांखालचा, म्हणजे सगळेच अल्पवयीन. कुमार गट २० वर्षांखालचा, त्यामुळे एकाच संघात सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांची मुलगी शेजारी उभ्या असतात. चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका, प्रशिक्षकांकडून वयाची खात्री करून घ्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालकच धरतो आणि तिची माहिती हाताळण्याआधी पालकांच्या संमतीची अपेक्षा ठेवतो. कायद्याचे बारकावे बाजूला ठेवले तरी रीत हीच योग्य आहे. चार ओळींचा संमतीचा कागद तयार करा आणि तो प्रशिक्षकांमार्फत घरी पाठवा. पालक मैदानावर येत असतील तर स्वतः भेटा.

मी एकदा यात चुकलो. मुलींच्या एका सामन्यातला पकडीचा फोटो होता; खेळ म्हणून अप्रतिम, पण झटापटीत एका मुलीची जर्सी वर सरकलेली. मला फक्त पकड दिसली, बाकी काही दिसलं नाही. फोटो टाकला. दोन तासांनी तिच्या वडिलांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्हाला आमच्या पोरीने काका म्हणून हाक मारली होती ना?" फोटो लगेच काढून टाकला, घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून मुलींच्या सामन्यातला एकही फोटो मी त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी पाहिल्याशिवाय बाहेर देत नाही. बाई नको म्हणाल्या तर का, हेही विचारत नाही.

सामन्याच्या दिवशी

मंडळाचा होकार असला तरी मैदानाच्या रेषेजवळची सत्ता पंचांची. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, महिलांचं १२ बाय ८. इतक्या लहान जागेत खेळाडू वेगाने बाहेर फेकले जातात, आणि रेषेला चिकटून बसलेला फोटोवाला त्यांच्या अंगाखाली सापडतो किंवा त्यांना जायबंदी करतो. सामना सुरू होण्याआधी अर्धा तास पोहोचा. सरपंचांना, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांना, नमस्कार करा, कागद दाखवा, आणि विचारा, "सर, मी कुठे बसू?" कुठे बसायचं हे स्वतः ठरवून मग सांगू नका.

अंतिम रेषांपाशी दोन सहाय्यक गुणलेखक बसतात, त्यांच्या नजरेच्या आड येऊ नका. बाद खेळाडूंच्या रांगेपुढेही नको. मला मैदानाचा कोपरा आवडतो, थोडं मागे, जमिनीवर मांडी घालून. तिथून परतणारा चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा चेहरा समोर मिळतो, आणि मागच्या प्रेक्षकांनाही आपली आडकाठी होत नाही.

फ्लॅश अजिबात नाही. डोळ्यांवर आलेल्या फ्लॅशमुळे कोपरारक्षकाचा क्षण चुकला, तर त्या संघाचा गुण गेला. कॅमेऱ्याचा आवाजही सांभाळा. चढाईपटूचा 'कबड्डी कबड्डी' हा दम पंचांना ऐकू यावा लागतो, आणि शेजारी धडाधड शटर वाजत असेल तर त्यांचं लक्ष विचलित होतं. मूक शटर वापरताना एक अडचण येते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि मूक शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात. म्हणून त्याच मैदानावर, त्याच दिव्यांखाली, आदल्या दिवशीच्या सरावात चाचणी घेऊन ठेवा. सरावाची परवानगी आधी मिळवा, असं म्हणतो त्याचं हेही एक कारण.

मॅटवर चप्पल-बूट घालून पाऊल टाकू नका, मातीच्या मैदानावर तर तसंही नको. सकाळीच तिथे नारळ फुटलेला असतो. मध्यंतराची पाच मिनिटं संघाची असतात; गोल करून उभ्या असलेल्या खेळाडूंच्या आत कॅमेरा घुसवू नका, बोलावलं तर जा.

फोटो परत न्या

पुढच्या हंगामाची परवानगी इथे मिळते. सामन्यानंतर एका दिवसात पंधरा-वीस फोटो सचिवांना पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दबून जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्यातला एक आडवा, दोन्ही संघ दिसणारा फोटो वेगळा काढून रात्रीच द्या. मंडळं बातमी त्याच रात्री वर्तमानपत्रांना पाठवतात. 'छाया :' पुढे तुमचं नाव द्यायला सांगा. ते राहून गेलं तर रागावू नका, पुढच्या वेळी आठवण करा.

वीस फोटोंत एकाच स्टार चढाईपटूचे बारा असू नयेत. राखीव खेळाडू, फक्की मारणारा पोरगा, गुणलेखक, पाणी देणारे काका यांचेही द्या. पंचांनाही त्यांचा एक फोटो पाठवा. त्यांचे फोटो कुणीच काढत नाही, आणि पुढच्या स्पर्धेत कोपऱ्यातली जागा तेच देणार असतात. कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात हंगामातले दहा फोटो फ्रेम करून लावायची तयारी दाखवा. मोठा खर्च नाही, आणि खेळाडूंचे आईवडील ते बघायला येतात.

इतर खेळांत थोडं वेगळं

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पेठा आणि तालमींची (बरेच संघ तालमींच्याच नावाने खेळतात) निष्ठा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शाहू स्टेडियमवरचे लीग सामने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे, त्यामुळे संघाबरोबरच तिथेही विचारावं लागतं. एका तालमीच्या रंगाचा शर्ट घालून गोलमागे बसू नका. पांढरा किंवा करडा बरा. आणि दोन्ही संघांना सारखे फोटो द्या, हरलेल्यांना आधी.

मुंबईतल्या मैदानी क्रिकेटला ही उतरंड नाही. १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगचे सामने असोत की आझाद मैदानावर शेजारी-शेजारी चाललेले डझनभर सामने, कर्णधार आणि पंच हो म्हणाले की बहुतेक वेळा काम होतं. जिमखान्याच्या आवारात मात्र सचिवांची चिठ्ठी लागते. गोलंदाजाच्या हातामागच्या रेषेत कधीही उभं राहू नका, आणि आपल्या सामन्याचा फोटो काढताना पाठीमागच्या सामन्याचा चेंडू कुठे आहे, याकडे लक्ष ठेवा.

फाइली नीट ठेवा

प्रत्येक सामन्याचं वेगळं फोल्डर करा. नावात तारीख, दोन्ही संघ आणि ठिकाण लिहा. खेळाडूंची नावं त्याच रात्री प्रशिक्षकांकडून विचारून लिहून ठेवा, आठवड्याने ती कुणालाच नीट आठवत नाहीत. संमतीचे कागद त्याच फोल्डरमध्ये स्कॅन करून टाका. चार-पाच वर्षांनी सचिवांचा फोन येतो : एखाद्या जुन्या खेळाडूचा सत्कार ठरलाय, किंवा एखादा अचानक गेलाय, आणि घरच्यांकडे त्याचा मैदानावरचा एकही फोटो नाही. तेव्हा पाच मिनिटांत तो काढून देता आला पाहिजे.